अधिकाची गुणसूत्रं : आलं, हळद, केशर आणि न येणारं बी

सांगलीकडे हळद बियांपासून लावत नाहीत. काढणीच्या वेळी निरोगी, भरलेलं बेणं निवडून सावलीत राखायचं, अक्षय्य तृतीयेच्या आसपास ते पुन्हा जमिनीत घालायचं आणि आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की नवी हळद काढायची. शेतकऱ्याच्या तोंडी प्रत्येक कंदाला वेगळं नाव आहे. बुंध्याशी वाढतो तो जेठा गड्डा, त्याच्या बाजूचा बगल गड्डा, बोटांसारखी फुटतात ती हळकुंडं आणि लावलेल्या बेण्याचं काढणीपर्यंत जे शिल्लक राहतं तो सोरा गड्डा. या सगळ्यात बी कुठेच येत नाही. झाडाला फुलोरा मात्र येतो. पानांच्या मधोमध फिकट हिरव्या-पांढऱ्या पाकळ्यांसारख्या छदांचा दांडा वर येतो आणि त्यांच्या बेचक्यात छोटी पिवळी फुलं उमलतात. ती उमलतात, सुकतात आणि गळून जातात. क्वचित एखाद्या ठिकाणी फळ धरलंच, तरी त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण त्याच्यावर कोणाचं काही अडलेलं नसतं.

फूल येतं आणि बी येत नाही, याचं मोठं कारण पेशीच्या केंद्रकात आहे. हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रं असतात. लैंगिक प्रजननाची सगळी व्यवस्था जोड्यांवर उभी आहे आणि ६३ ही विषम संख्या आहे. हळद हे अशा वनस्पतींमधलं आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण, पण ते एकटं नाही. केशर, मिरीची एक जात, व्हॅनिला, आलं अशा अनेक मसाला पिकांत नेहमीच्या संख्येपेक्षा अधिक गुणसूत्रं सापडलेली आहेत. ती कुठून आली, पेशीविभाजनात ती कशी वागतात आणि शेतावर त्यांचा काय परिणाम होतो, याबद्दल गेल्या शंभर वर्षांत बरंच काही कळलं आहे. पण ही माहिती इतकी विखुरलेली आहे की तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली सांगितल्या जातात. त्या आधी वेगळ्या करायला हव्यात.

पहिला प्रकार म्हणजे एखादंच गुणसूत्र जास्त असणं. जोडीच्या जागी तिघं आणि बाकी सगळं जागच्या जागी. याचा पद्धतशीर अभ्यास धोतऱ्यावर झाला. अमेरिकेत आल्बर्ट ब्लेकस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिलं की धोतऱ्याच्या बारा जोड्यांपैकी ज्या जोडीत एक गुणसूत्र वाढलं असेल त्यानुसार बोंडाचा आकार बदलतो. एका जोडीत वाढ झाली की बोंड गोल होतं, दुसऱ्या जोडीत झाली की वेगळंच रूप घेतं. बारा जोड्या, बारा रूपं. मिरची त्याच कुळातली आणि तिचीही गुणसूत्रं २४च. फ्रान्समध्ये पोशार यांनी १९७०मध्ये मिरचीतल्या अशा झाडांचं वर्णन केलं. एखादा गुण कोणत्या गुणसूत्रावर आहे हे शोधायला ही झाडं उपयोगी पडली. शेतकऱ्याला त्यांचा थेट उपयोग नाही. ती सहसा अशक्त असतात आणि जास्तीचं गुणसूत्र पुढच्या पिढीत जायचं तर बहुतेक वेळा बीजांडामार्फतच जातं, कारण अधिकाचं गुणसूत्र असलेला परागकण शर्यतीत मागे पडतो.

दुसरा प्रकार जास्त गूढ आहे. १९०७मध्ये एडमंड विल्सन यांना एका ढेकूणवर्गीय किड्याच्या पेशींत अशी गुणसूत्रं दिसली की जी काही किड्यांत होती, काहींत नव्हती, आणि ज्यांच्यात नव्हती त्यांचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. पुढे मक्यातही अशी गुणसूत्रं सापडली आणि १९२८मध्ये रँडॉल्फ यांनी त्यांना 'बी' गुणसूत्रं हे नाव दिलं. नेहमीची ती 'ए', ही 'बी'. बी गुणसूत्र कोणत्याच ए गुणसूत्राशी जोडी जमवत नाही. ते नसलं तरी झाड जगतं. एकाच जातीच्या एका झाडात एक, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एकही नाही, असं चालतं. या तीन कसोट्या लक्षात ठेवाव्यात, कारण पुढे आल्याकडे येताना त्यांचीच गरज पडणार आहे.

असं बिनकामाचं गुणसूत्र पिढ्यान् पिढ्या टिकतं कसं? राय या धान्यात याचं उत्तर फार स्पष्ट मिळालं. परागकण तयार होताना त्यातलं केंद्रक एकदा विभागतं आणि दोन केंद्रकं होतात. एक परागनलिका वाढवण्याच्या कामाला लागतं आणि दुसऱ्यातून पुढे शुक्रपेशी तयार होतात. रायमधल्या बी गुणसूत्राचे दोन्ही अर्धे या विभाजनात एकमेकांपासून वेगळे होत नाहीत आणि दोन्ही मिळून त्या दुसऱ्या केंद्रकात जातात. म्हणजे एक बी असलेल्या परागकणातून दोन बी पुढे जातात. मक्यात हीच चलाखी पुढच्या विभाजनात होते आणि त्यावर कडी म्हणजे बी असलेली शुक्रपेशी अंडपेशीशी जास्त वेळा संयोग करते. २०१२मध्ये रायच्या बी गुणसूत्राची रचना वाचली गेली तेव्हा ते नेहमीच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांचं आणि पेशीतल्या इतर घटकांच्या डीएनएचं मिश्रण निघालं. दहा-बारा लाख वर्षांपूर्वी ते कधीतरी तयार झालं आणि तेव्हापासून असं फुकटचं पुढे जात राहिलं.

पण बी म्हणजे केवळ ऐतखाऊ, असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. चाइव्ह्ज ही कांद्याच्या कुळातली पाश्चात्त्य स्वयंपाकातली वनस्पती. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर वाय नदीच्या काठी ती रानात उगवते आणि तिथल्या झाडांतल्या बी गुणसूत्रांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. तिथे रायसारखी दुप्पट होण्याची युक्ती सापडली नाही. उलट १९९४मध्ये प्लाउमन आणि बुगर्ड यांनी दाखवलं की पाण्याच्या ताणात बी गुणसूत्रं असलेल्या बियांची उगवण ती नसलेल्यांपेक्षा चांगली होते. म्हणजे बी गुणसूत्र कसं टिकतं याचं सर्व वनस्पतींना लागू होणारं एकच उत्तर नाही. प्रत्येक वनस्पतीत ते नव्याने शोधावं लागतं.

आता आल्याकडे येऊ. आल्याच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात. १९४५मध्ये लंडनहून 'लागवडीखालील वनस्पतींचा गुणसूत्रकोश' प्रसिद्ध झाला. लेखक सी. डी. डार्लिंग्टन आणि जानकी अम्माळ. आल्याच्या काही प्रकारांत नेहमीच्या २२ गुणसूत्रांबरोबर दोन बी गुणसूत्रं असल्याची नोंद या दोघांच्या नावावर आहे. जानकी अम्माळ यांचा जन्म १८९७चा, तलश्शेरीचा. मलबारच्या मिरीच्या किनाऱ्यावरचं हे गाव. मिशिगनमध्ये शिक्षण, कोइम्बतूरला ऊस पैदास केंद्रात काम, मग इंग्लंड आणि १९५१मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेसाठी परत. आपल्याकडे त्यांचं नाव उसाशी जोडलं जातं आणि ते योग्यच आहे. पण मसाला पिकांच्या गुणसूत्रांचा विचार त्या कोशाशिवाय सुरूच होत नाही.

त्या दोन बी गुणसूत्रांचं पुढे काय झालं? आल्याची गुणसूत्रं त्यानंतर पुष्कळ जणांनी मोजली आणि बहुतेकांना २२च मिळाली. त्यामुळे जुनी नोंद चुकीची होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ही मोजणी कशी होते हे एकदा पाहिलं की त्याचं कारण कळतं.

मुळाचं टोक म्हणजे वनस्पतीतली सर्वांत सोयीची जागा, कारण तिथे पेशी सतत विभागत असतात. सकाळी, विभाजन जोरात असताना, दीड-दोन सेंटिमीटरची ताजी पांढरी मुळं कापून घ्यायची. ती काही तास अशा द्रावणात ठेवायची की पेशींतले धागे विस्कटतात आणि गुणसूत्रं मध्येच थबकतात, आखूड आणि सुटी होतात. मग अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ती स्थिर करायची, सौम्य आम्लात मऊ करायची, रंग चढवायचा. शेवटी टोकाचा एक मिलिमीटर काचपट्टीवर ठेवून, वर पातळ काच टाकून, टिपकागदाखाली अंगठ्याने दाबायचं. दाब कमी पडला तर गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली राहतात. जास्त झाला तर पेशी फुटून दोन-तीन गुणसूत्रं शेजारच्या पेशीत जाऊन पडतात. आलं आणि हळद यांची गुणसूत्रं एखाद्या मायक्रोमीटरच्या आसपासची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीही ठिपक्यांपेक्षा फार मोठी दिसत नाहीत. अशा ६३ ठिपक्यांत एखादं कमी-जास्त धरलं जाणं अगदी सहज घडतं. म्हणूनच एका चांगल्या पेशीवर कोणी विसंबत नाही. अनेक पेशींत तीच संख्या आली तरच ती ग्राह्य धरतात.

आणि इथेच बी गुणसूत्रांचा खरा पेच आहे. गव्हाच्या नात्यातल्या एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस या गवतात बी गुणसूत्रं खोडात असतात, फुलात असतात, पण मुळात नसतात. भ्रूण अगदी लहान असतानाच मुळाकडे जाणाऱ्या पेशींतून ती बाहेर टाकली जातात. ही प्रक्रिया नेमकी कशी होते ते २०२०मध्ये उलगडलं. आल्यात असं होतं, असा माझा दावा नाही. पण केवळ मुळाच्या टोकांवरून एखाद्या वनस्पतीत बी गुणसूत्रं नाहीत असं ठरवणं किती धोक्याचं आहे, हे त्यावरून दिसतं. उलट बाजूही आहे. आल्याची नेहमीची गुणसूत्रं मुळातच तुटलेली-जुळलेली आहेत, त्यामुळे तुटून सुटा राहिलेला एखादा तुकडा घाईत बी गुणसूत्र म्हणून नोंदला जाऊ शकतो. परागकोशातल्या पेशींत अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी हा जास्तीचा तुकडा कोणाशी जोडी जमवतो का, हे पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही. कोथिंबिरीसह इतर मसाला पिकांतही बी गुणसूत्रांच्या नोंदी आहेत. त्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. कोथिंबीर निदान बियांवर येते, त्यामुळे तिथे ते काम तरी सोपं आहे.

आल्यात बी गुणसूत्रं खरोखर असतील, तर त्यांचं वागणं राय-मक्यासारखं असूच शकत नाही, कारण तिथे परागकणातून पुढे जाण्याची वाट बंद आहे. आल्याला सहसा बी धरत नाही. बेण्यातून नवं झाड येतं तेव्हा साधं पेशीविभाजनच होत असतं आणि त्यात प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत तयार होऊन दोन्हीकडे एकेक जाते. अशा झाडात बी गुणसूत्र चढाओढीने वाढणार नाही. फार तर एखाद्या विभाजनात मागे राहून हरवेल. ते टिकलं तर शेतकरी तेच बेणं पुन्हा पुन्हा लावतो म्हणून टिकेल. साताऱ्यात लावल्या जाणाऱ्या माहीमसारख्या जुन्या जातींची या दृष्टीने नीट मोजणी झाली, तर ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीचा निकाल लागू शकतो.

आल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २२ ही सम संख्या आहे. अकरा जोड्या नीट जमायला हव्यात. तरीही बी येत नाही. म्हणजे वंध्यत्वाचं कारण नेहमी जास्तीच्या गुणसूत्रांतच असतं असं नाही. पूर्वीच्या अभ्यासकांना आल्याच्या अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या साखळ्या आणि पूल दिसले होते. म्हणजे तुकड्यांची अदलाबदल झाल्याच्या खुणा. २०२१मध्ये चीनमधल्या गटांनी आल्याच्या दोन्ही संचांचे जनुकीय नकाशे वेगवेगळे वाचले. काही जोड्यांत एका गुणसूत्रावरचा भलामोठा भाग दुसऱ्यावर उलटा बसलेला आढळला. आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र एकमेकांशी जुळलं, तरी वाकडं जुळतं. संख्या बरोबर असून मांडणी बिघडलेली. गुणसूत्रांची संख्या म्हणजेच सगळं, असं समजणाऱ्यांनी आल्याकडे जरूर पाहावं.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा. एखादं-दुसरं नव्हे, सबंध संचच जास्त असणं. हळद आणि केशर इथे येतात.

१९६१मध्ये रामचंद्रन यांनी हळदीच्या कुर्कुमा या प्रजातीतल्या वनस्पतींची गुणसूत्रं मोजली तेव्हा एक साखळी दिसली: ४२, ६३, ८४. मूळ संच २१चा धरला तर रानहळदीसारख्या काही जाती द्विगुणित, आपली हळद त्रिगुणित आणि काही चतुर्गुणित. ८४ आणि ४२ असलेल्या झाडांचा संकर झाला तर ४२ अधिक २१ मिळून ६३ येतात. किंवा ४२ असलेल्या झाडातच कधीतरी गुणसूत्रं निम्मी न झालेलं युग्मक, म्हणजे लैंगिक पेशी, तयार झालं आणि त्याचा संयोग नेहमीच्या युग्मकाशी झाला, तरी बेरीज तीच. दोन्ही वाटा शक्य आहेत. २००७मध्ये याना श्कोर्निच्कोव्हा आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या रानटी कुर्कुमांची मोठ्या प्रमाणावर मोजणी केली आणि चित्र आणखी बदललं. त्यांना ७७ आणि १०५ गुणसूत्रं असलेल्या जातीही मिळाल्या. २१ने ७७चा मेळ बसत नाही, पण ७ने दोन्ही आकड्यांचा बसतो. म्हणजे मूळ संच ७चा असावा. त्या हिशेबाने आंबेहळद सहा संचांची आणि आपली हळद नऊ संचांची. पूर्वीची 'त्रिगुणित' ही ओळख पूर्ण चुकीची ठरत नाही, पण ती अर्धीच होती. हळदीच्या पूर्वजांत संच वाढण्याची प्रक्रिया एकदा नव्हे, अनेकदा घडून गेलेली आहे.

आता विषम संख्येने बियांचं काय होतं ते पाहू. अर्धसूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र आपल्या जोडीदाराला शोधतं, चिकटतं आणि मग दोघं दोन टोकांना जातात. तिघं असले की कधी तिघं एकत्र गुंततात, कधी दोघांची जोडी जमते आणि तिसरं एकटं भरकटतं. शेवटी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन. हे प्रत्येक तिकडीत स्वतंत्रपणे घडतं. युग्मक समतोल व्हायचं असेल तर एकवीसही तिकड्यांतली एकेरी गुणसूत्रं एकाच बाजूला यायला हवीत किंवा दुहेरी सगळी एकाच बाजूला. साध्या गणिताने याची शक्यता १० लाख ४८ हजार ५७६त एक. केशराचा मूळ संच ८चा. तिथे हीच शक्यता १२८त एक येते. बी धरायचं तर समतोल परागकण आणि समतोल अंडपेशी दोन्ही हवेत, म्हणजे शक्यतेला पुन्हा त्याच शक्यतेने गुणायचं.

या गणिताने हळदीला बी येणं जवळजवळ अशक्य ठरायला हवं. पण हळदीला बी येतं. क्वचित येतं, पण येतं. केरळमधल्या संशोधकांनी १९८०च्या सुमारास हळदीच्या बियांपासून रोपं वाढवल्याचं नोंदवलं. कोळिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने अशाच मुक्त परागीभवनातून आलेल्या रोपांतून निवड करून 'प्रभा' आणि 'प्रतिभा' या जाती दिल्या. दोन्हींत कुर्क्युमिनचं प्रमाण सहा टक्क्यांच्या वर. या रोपांची गुणसूत्रं मोजली गेली तेव्हा काहींत ६३ तर काहींत ८४ अशा संख्या मिळाल्या. गणित आणि शेत यांच्यातली ही तफावत मला या सबंध विषयातली सर्वांत उद्बोधक गोष्ट वाटते. तिचा अर्थ असा की गुणसूत्रांचं वाटप विस्कटलं तरी हळद ते निभावून नेऊ शकते. नऊ संच असलेल्या वनस्पतीत प्रत्येक जनुकाच्या इतक्या प्रती असतात की एखादं गुणसूत्र कमी-जास्त झालं म्हणून पेशी मरत नाही. शिवाय निम्मं न होताच पुढे गेलेली युग्मकंही आहेत. ६३ अधिक २१ म्हणजे ८४, हा हिशेब त्याकडेच बोट दाखवतो. ज्या अधिकाच्या संचांनी बियांची वाट अडवली, त्याच संचांनी ती थोडी किलकिलीही ठेवली आहे.

केशराला ही सवलत मिळालेली दिसत नाही. त्याची २४ गुणसूत्रं म्हणजे आठाचे तीन संच, आणि त्यांना पाठीशी घालणारे आणखी संच नाहीत. काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतांतलं केशर, इराणचं केशर, स्पेनचं केशर, सगळं कंदावरच चालतं. त्याचा पूर्वज ग्रीसमधलं क्रोकस कार्टराइटियानस हे रानफूल आणि तेही अथेन्सभोवतालच्या आटिका प्रदेशातलं, असं २०१९मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. तिसरा संचही त्याच जातीतून आला. म्हणजे कधीतरी एका रोपात तीन संच एकत्र आले, त्याच्या फुलातले लाल तंतू माणसाला भावले, आणि तेव्हापासून त्याचे कंद वाटत वाटत ते काश्मीरपर्यंत पोहोचलं. त्या रोपाला माणूस भेटला नसता तर ते बहुधा तिथेच, फार तर काही वर्षांत, संपून गेलं असतं.

मिरीचं चित्र जास्त आशादायक आहे. मिरीची गुणसूत्रं ५२. केरळमधल्या 'वडक्कन' या जातीत ती ७८ निघाली, म्हणजे दीडपट, आणि तिचे दाणेही मोठे. १९९३मध्ये ही नोंद झाली. तिच्या दाण्यांपासून रोपं आली आणि त्यांच्यात गुणसूत्रांची संख्या वेगवेगळी मिळाली, म्हणजे विषम वाटप झालेली युग्मकंही तिथे जगून गेली. मिरीला बी येतं म्हणूनच तर तिचे संकर करता आले. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांतून लावली जाणारी पन्नियूर-१ ही संकरित जात त्याचंच फळ. व्हॅनिलाचं थोडक्यात सांगायचं तर रियुनियन बेटावर २००८मध्ये तिच्यात तीन आणि चार संचांचे वेल सापडले. तीन संचांच्या वेलाला तिथले शेतकरी आधीपासूनच 'वांझ' म्हणत होते.

मग माणसाने मुद्दाम संच वाढवले तर? कोल्चिसिन हे द्रव्य विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना खेचणारे धागे तयार होऊ देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दोन होत नाही. १९३७पासून वनस्पती पैदासकारांनी ते भरपूर वापरलं. जानकी अम्माळ यांनीही इंग्लंडात चंपककुळातल्या मॅग्नोलियांवर हा प्रयोग केला होता. आल्यात त्याचं फळ चांगलं मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००४मध्ये ४४ गुणसूत्रांचं आलं 'बुडेरिम गोल्ड' या नावाने आलं. कंद मोठे, प्रक्रियेसाठी उत्तम. जपानमध्ये २००१मध्ये अशाच चतुर्गुणित आल्याच्या परागकणांची उगवणक्षमता बरीच सुधारल्याचं दिसलं. ही दुसरी गोष्ट मला पहिल्यापेक्षा मोलाची वाटते. गुणसूत्र दुप्पट झालं की प्रत्येकाला अगदी आपल्यासारखाच जोडीदार मिळतो, उलटं-सुलटं जुळण्याची पाळी येत नाही, आणि मोठ्या कंदापलीकडे संकराचीही वाट उघडते.

वाट उघडायची गरज का आहे, हे कंदकुजीने गेलेल्या हळदीच्या शेतात उभं राहिलं की कळतं. पाऊस लांबला, सरीत पाणी साचलं की खोड पिवळं पडतं, ओढलं तर अलगद हातात येतं, आणि खाली कंदाचा दुर्गंधी लगदा झालेला असतो. सबंध गादीवाफे असे जातात. हे बेणं शेजारच्या गावाला गेलं की रोगही बरोबर जातो. बुरशी दरवर्षी नवी रूपं घेते. हळद मात्र बहुतांशी तीच राहते, कारण तिच्यात दोन झाडांचे गुण एकत्र येऊन नवं काही घडण्याची सोय नाही. आज शेतात असलेल्या सेलम, राजापुरी, वायगाव, कृष्णा, फुले स्वरूपा यांसारख्या जातींत फरक आहेत, आणि ते खरे आहेत. पण ते प्रामुख्याने जुन्या वाणांतून निवडून घेतलेले आहेत. त्यांच्या पलीकडे जायचं तर बी लागेल.

त्यासाठी नेमकं काय करायचं हे आता पुरेसं स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्थानिक वाणाची गुणसूत्रं मोजावीत. ६१ किंवा ६२ असलेलं एखादं बेणं सापडलं तर ते जपून ठेवावं, कारण विस्कटलेली संख्या घेऊनही जगणारं झाड पैदासकाराला फार उपयोगी असतं. फुलोरा येतो त्या काळात, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात, फळ धरतंय का यावर नजर ठेवावी. शेतकऱ्यांनाही ते सांगावं. ज्याच्या शेतात बोंड दिसेल त्याच्याकडून ते गोळा करावं. त्या बियांतून आलेलं रोप पहिल्या वर्षी जेमतेम बोटाएवढा कंद देतं. नेहमीच्या आकाराचा गड्डा यायला दोन-तीन हंगाम लागतात. त्यानंतर कुर्क्युमिन, उत्पादन आणि कंदकुजीला तोंड देण्याची ताकद तपासायची. म्हणजे एका रोपामागे पाच-सहा वर्षं धरायला हवीत आणि अशी रोपं काही शेकड्यांनी वाढवावी लागतील. प्रभा आणि प्रतिभा याच वाटेने आल्या. बी गोळा करणं, एकेका रोपाला क्रमांक देऊन वाढवणं, मुळाची टोकं काचपट्टीवर दाबून ठिपके मोजणं, या कामाला महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो एक सूक्ष्मदर्शक, सावलीतली थोडी जागा, आणि पाच वर्षं त्याच रोपांकडे पाहत राहणारा माणूस.